सतरा नंबरचा बिल्ला

प्रिय वहिनी (आणि वहिनी व्हायच्या आधीपासूनची बाकावरची शेजारीण),

सातवीतली तळ्याकाठची सहल आठवते का तुला? तळं कुणालाच आठवत नसणार, मलाही नाही. आठवते ती निघायची वेळ. बसच्या दारात उभ्या असलेल्या सिस्टर, गळ्यात शिट्टी आणि हातात ती अडतीस खिळ्यांची फळी. बसमधून उतरताना प्रत्येकीने आपल्या नंबराची पत्र्याची चकती खिळ्याला अडकवायची, चढताना काढून घ्यायची. सगळ्या चढलो, आणि फळीवर बारा नंबर तसाच लटकत राहिला. बारा नंबर म्हणजे तू. तू झुडपामागे एका दगडावर ओले मोजे पसरून ते वाळायची वाट बघत बसली होतीस (तुझं आयुष्यभर असंच, घाई कशाचीच नाही). पाऊण तास बस हलली नाही. सिस्टरांनी आपला डबा उघडला नाही, की उन्हातून सावलीत आल्या नाहीत, आणि आम्ही सदतीस जणी खिडक्यांतून त्यांना हसत होतो. 'सिस्टर मोजणी' हे नाव त्याच दिवशी पडलं, आणि ते ठेवणारी मी. शेवटी तू मोजे हातात घेऊन उगवलीस. त्या रागावल्या नाहीत. चकती काढून तुझ्या हातात दिली, 'अडतीस' म्हणाल्या, आणि बसच्या चाकाकडे तोंड करून नाक शिंकरलं. गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारपर्यंत मला वाटत होतं की त्यांना सर्दी झाली होती.

असो. आता रीतीप्रमाणे. तू माझ्याहून तीन महिन्यांनी लहान असलीस तरी नात्याने मोठी, म्हणून नमस्कार वाकूनच करते आहे. कंबरेने अर्ध्यात थांबवलं तर उरलेला अर्धा तू येशील तेव्हा. नात कशी आहे? फोनवर तिचं रडणं स्वच्छ ऐकू येतं आणि तुझं बोलणं अजिबात येत नाही, म्हणून हे पत्र. लेकीची झोप होते का? तू तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेतेस का, की त्यांचेही मोजे झाले आहेत? इकडे सगळं ठीक आहे. कुंड्यांना पाणी घालते. दादा बरा आहे. (हे वाक्य पत्र संपल्यावर पुन्हा एकदा वाचावं.)

तू लेकीकडे गेलीस त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मला महापालिकेतून बोलावणं आलं. शहर आणि त्याचे बंबवाले यांच्यातला करार दर तीन वर्षांनी संपतो आणि नव्याने ठरवावा लागतो, हे तुला माझ्याहून जास्त माहीत. ह्या खेपेला बोलणी इतकी ताणलेली होती की इतिवृत्त कुणी लिहायचं यावरच चार दिवस वाद झाला. महापालिकेचा कारकून बंबवाल्यांना चालेना, बंबवाल्यांचा कारकून महापालिकेला चालेना. मग कुणाला तरी माझी आठवण झाली. सव्वीस वर्षं सभागृहाची इतिवृत्तं लिहिलेली, निवृत्त, अक्षर कॉन्व्हेंटचं, आणि मुख्य म्हणजे तटस्थ. तटस्थ कशी, तर महापालिकेच्या बाजूने बोलणार आस्थापना अधिकारी, म्हणजे आमचे हे. आणि बंबवाल्यांच्या बाजूने बोलणार संघटनेचे अध्यक्ष, म्हणजे दादा. एकाची बायको आणि दुसऱ्याची बहीण असलेली बाई दोघांवर सारखीच वैतागलेली असणार, असा त्या लोकांचा हिशेब. तो चुकीचा नव्हता.

ह्या दोघांचं बोलणं कशावरून बंद झालं ते तुझ्यासमोरच घडलं, पण मला अजून सांगताना हसू येतं म्हणून पुन्हा सांगते. 'प्रत्येक बंबावरील पाचवा माणूस अतिरिक्त ठरवण्यात येत आहे' अशी नोटीस ह्यांच्या सहीने निघाली, आणि नियमाप्रमाणे ती दादाला रजिस्टर पोस्टाने आली. हे तळमजल्यावर राहणार, दादा पहिल्या मजल्यावर, मध्ये सतरा पायऱ्या. आणि ते पाकीट शहरभर हिंडून चौथ्या दिवशी पोस्टमनने ह्यांच्याच हातात दिलं, कारण दादा ड्यूटीवर होता. ह्यांनी ते घेतलं, पोचपावतीवर 'शेजारी' अशी सही केली, आणि वर जाऊन तुमच्या दाराखालून आत सरकवलं. त्या दिवसापासून दादा आमच्या दारावरून जाताना पायरीसुद्धा वाजवत नाही.

आता हा पाचवा माणूस म्हणजे कोण, हे तुला सांगणं म्हणजे सोनाराला सोनं दाखवणं. पण बोलण्यांत ते सांगावं लागलं, कारण महापालिकेने बाहेरून एक सल्लागार आणले होते. आम्ही त्यांना घड्याळवाले म्हणायचो, कारण ते तीन आठवडे दादाच्या मागे स्टॉपवॉच घेऊन फिरले होते. त्यांचा तक्ता भिंतभर होता. त्यात असं निघालं की बंबावरचे चौघं पाणी मारतात, शिडी लावतात, आत शिरतात. पाचवा माणूस मात्र शंभरातली चौऱ्याण्णव मिनिटं दारात नुसता उभा असतो. दादा म्हणाला, "बसलो तर आतल्यांना दार कुठे आहे ते दिसणार नाही." घड्याळवाल्यांनी ते लिहून घेतलं आणि विचारलं, "आणि उरलेली सहा मिनिटं?" दादा म्हणाला, "ती तुम्हाला बाजूला व्हा म्हणून सांगण्यात गेली."

मग त्याने फळा आणून टेबलावर ठेवला. पितळी बिल्ल्यांचा, कोपरे झिजलेला. आत शिरणारा प्रत्येक जण आपला बिल्ला त्यावर अडकवतो, बाहेर आला की काढून घेतो. फळ्यावर बिल्ला आहे तोवर माणूस आत आहे. तो फळा धरणारा तो पाचवा. त्याने फळा सोडून हलायचं नाही, कोणी काहीही ओरडलं तरी. दादा एवढंच बोलला. दोन वर्षांपूर्वी तो त्या गोदामाच्या जमिनीतून खाली पडला, गुडघा गेला, आणि तू दवाखान्यात त्याच्याकडून पुन्हा आत न जाण्याची शपथ घेतलीस, तेव्हापासून तो स्वतःच पाचवा आहे. निवृत्तीला अकरा महिने उरले आहेत. पाचवा गेला तर त्या गुडघ्याला दुसरं कुठलं काम नाही आणि तेहतीस वर्षांनंतर त्याला अकरा महिने आधी घरी बसावं लागेल, ह्यातलं एक अक्षर तो बोलला नाही. आमचे हेही बोलले नाहीत. दोघांनाही ते माहीत होतं आणि दोघेही माझ्या पेनाकडे बघत होते.

बैठका महापालिकेत होणार होत्या, पण सभागृहाला रंग चालू होता, म्हणून त्या बंबखान्यातच वरच्या हॉलमध्ये ठेवल्या. पहिल्या दिवशी दारातच दादा फळा आणि पाहुण्यांच्या बिल्ल्यांचा डबा घेऊन उभा. आमचे हे म्हणाले, मी पाहुणा आहे, मला कशाला. दादाने त्यांच्याकडे न बघता मला सांगितलं, "इतिवृत्तात घ्या: पाहुणेसुद्धा जळतात." ह्यांनी सतरा नंबर उचलून अडकवला. घड्याळवाल्यांना अठरा, मला एकोणीस. तेव्हापासून ह्या दोघांचं सगळं बोलणं माझ्यामार्फत. "आस्थापना अधिकाऱ्यांना विचारा", "अध्यक्षांना कळवा", आणि मी मध्ये टेबलाच्या टोकाला, दोन्हीकडून चेंडू येणाऱ्या भिंतीसारखी. घरी रात्री जेवताना हे हळूच विचारायचे, काय म्हणतो तुझा भाऊ? मी म्हणायचे, इतिवृत्त मंजूर झालं की वाचा. वर चहा घेऊन गेले की दादा विचारायचा, काय म्हणतो तुझा नवरा? त्यालाही तेच. सिस्टर म्हणायच्या की चांगली मुलगी दोन्ही बाजूंना समास सोडते. मी सोडला.

बाकीची कलमं कशी सुटली ते वाचलंस तर तुला वाटेल मी रचून सांगते आहे. बुटांच्या कलमावर महापालिकेचं म्हणणं माणशी वर्षाला दीड जोड. अर्धा जोड कुठल्या पायाचा, यावर एक अख्खी दुपार गेली. झोपेच्या कलमावर दीड दिवस. रात्रपाळीचा माणूस बूट घालून आडवा होतो आणि डोळे मिटतो, तेव्हा तो कामावर की विश्रांतीवर? घड्याळवाले म्हणाले, डोळे मिटलेत म्हणजे विश्रांती. बंबवाल्यांचा चिटणीस, ज्याला सगळे शिडी म्हणतात (उंचीमुळे, तू त्याला ओळखतेस, तुझ्या माळ्यावरची ट्रंक त्याने स्टुलाशिवाय काढली होती), तो म्हणाला, बूट घातलेत म्हणजे काम. शेवटी 'डोळ्यांपुरती विश्रांती व पायांपुरतं काम' असं ठरलं, दोन्ही बाजूंनी सही केली, आणि दोन्ही बाजूंना वाटलं की आपण जिंकलो. सव्वीस वर्षांत मी ह्याहून चांगली तडजोड पाहिली नाही.

अडलं ते कलम नऊ: पाचवा माणूस कायम ठेवावा, ही दादाची मागणी. मग घड्याळवाल्यांनी सुचवलं की दोन आठवडे प्रयोग करू. बंब चौघांवर चालवून बघायचा. ह्यांनी मान्यता दिली. दादा तेवढ्यापुरता जादा ठरला आणि दिवसभर वर हॉलमध्ये येऊन बसू लागला. आपण जादा आहोत हे तो दर तासाला, कुणी विचारलेलं नसताना, सांगायचा. पाणी प्यायला उठला तरी, "जादा माणूस पाणी पिऊन येतो."

आता तो मंगळवार. खाली स्वयंपाकघरात बंबवाल्यांचं दुपारचं जेवण शिजत होतं. बारा वाजायला दहा मिनिटं असताना घंटा झाली. घंटा झाली की बंबवाला हातातला घास ताटात आणि तोंडातला तोंडात ठेवून धावतो, हे तू तीस वर्षं पाहिलं आहेस. शिडीही टेबलावरून उठून गेला. चौघं बंबावर चढले आणि गेले (कुणी एक गृहस्थ नव्या सोफ्यासकट लिफ्टमध्ये अडकले होते). दादा घंटेला सवयीने अर्धा उठला, आणि आपण जादा आहोत हे आठवून पुन्हा बसला. आणि इथेच चूक झाली. घंटा झाल्यावर चूल बंद करायची ती पाचव्या माणसाने, कारण बंबावर तो सगळ्यांत शेवटी चढतो. हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं, म्हणून घड्याळवाल्यांच्या तक्त्यात नव्हतं. चौघांना वाटलं, दादा आहे. दादाला वाटलं, मी जादा आहे. पातेल्याला काय वाटलं ते वीस मिनिटांत सगळ्या बंबखान्याला कळलं.

घंटा झाली की बैठक थांबवायची असा पहिल्या दिवसापासूनचा ठराव होता, त्यामुळे मी पेन मिटून चष्मा पुसत बसले होते, घड्याळवाले तक्त्याला टाचण्या लावत होते, महापालिकेचे दोन कारकून कागद आवरत होते, आणि ह्यांचा कोट खुर्चीवर होता. आधी वास आला. मग जिन्यातून धूर वर आला, काळा, चिकट. दादा "बाहेर" एवढंच म्हणाला. ओरडला नाही. आम्ही पदर तोंडाला लावून, रुमाल लावून खाली, बाहेर, रस्त्यावर. दादाने बाहेरून गॅसचा कॉक बंद केला, भिंतीवरचं लाल नळकांडं काढून स्वयंपाकघरात रिकामं केलं, ज्वाळा होत्या त्या तिथेच संपल्या. पण धूर जिन्यातून वर कोंडत राहिला. आणि लगेच दादा दारात फळा घेऊन उभा. घड्याळवाल्यांनी आपला बिल्ला काढला. मी माझा काढला. महापालिकेच्या दोन कारकुनांनी त्यांचे काढले. फळ्यावर सतरा नंबर राहिला.

मी सांगते तुला, मला काहीच वाटलं नाही. मी म्हटलं, आले असतील. घड्याळवालेही म्हणाले, आले असतील, मघाशी माझ्यामागे कुणीतरी होतं. कारकून म्हणाले, साहेब तर सगळ्यांच्या आधी बाहेर पडतात. दादाने विचारलं, "कुणी पाहिलं?" कुणीच पाहिलं नव्हतं. कुणालातरी आठवलं की साहेब घंटेनंतर मागच्या बाजूला बाथरूमकडे गेले होते. बाथरूम वरच्या बोळाच्या टोकाला, आणि धूर सगळा तिकडेच चाललेला. बंब सोफ्याकडे. आत जायला दुसरा कुणी नाही. दादाने खिशातून आपला एक नंबरचा बिल्ला काढला, सतराच्या शेजारी अडकवला, फळा माझ्या हातात दिला, शिट्टी माझ्या गळ्यात घातली, आणि म्हणाला, "दारातून हलायचं नाही." मी म्हटलं, दादा, तुझा गुडघा. तो म्हणाला, "गुडघा पण आत येतोय." आणि गेला.

तेव्हा माझ्या हातात फळा होता आणि त्यावर एक भाऊ आणि एक नवरा, दोन्ही पितळेचे. समोरच्या न्हाव्याने प्रसंगावधान राखून अग्निशमन दलाला फोन लावला. तो माझ्यामागे आत वाजू लागला, आणि वाजतच राहिला. गर्दी जमली. कुणी म्हणालं, बंबखान्याला आग लागली तर बंब कुठून बोलवायचा. कुणी हसलं. घड्याळवाल्यांनी घड्याळ काढलं होतं आणि ते चालू करायचं विसरले होते. मी फळ्यावरून नजर काढली नाही. काढली तर एक बिल्ला कमी होईल असं मला उगाच वाटत होतं. आणि मागून कुणीतरी गर्दीतून वाट काढत आलं आणि अगदी काळजीने मला विचारलं, "कोण अडकलंय गं आत?"

मी मान न वळवता म्हटलं, "तुम्ही."

मग मान वळवली. हे उभे होते. हातात बेकरीची पुडी, मिशीला पांढरं क्रीम. डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून हे रोज घंटेची वाट बघायचे, घंटा झाली की मागच्या फाटकातून बेकरीत. मागच्या फाटकाला फळा नाही. दहा मिनिटं ते गर्दीत मागे उभे होते, लोकांनी त्यांना सांगितलं होतं की महापालिकेचा एक साहेब आत राहिलाय, आणि ते स्वतःसाठी हळहळत होते. (नंतर मला म्हणाले, खरंच वाईट वाटलं गं, म्हटलं बिचाऱ्याच्या घरी बायको असेल.) मी म्हटलं, दादा आत आहे, तुम्हाला शोधतो आहे. पुडी त्यांच्या हातातून पडली. ते दाराकडे धावले, आणि वहिनी, मी त्यांना अडवलं. चौतीस वर्षांच्या संसारात मी ह्या माणसाला कशालाच अडवलं नाही (बेकरी सोडून), पण दारात आडवी उभी राहिले आणि म्हणाले, तुम्हाला आत जाता येणार नाही. फळ्याप्रमाणे तुम्ही आतच आहात. ते थांबले. इतकी वर्षं नियमांत घालवलेला माणूस. त्यांना ते पटलं.

मग मी शिट्टी फुंकली. तीन वेळा फुंकायची असते, परत ये म्हणून. मी मोजलं नाही. दादा नंतर म्हणाला, त्याला वाटलं अख्ख्या शहराला बाहेर बोलावते आहे. तो बाहेर आला तेव्हा भुवया नव्हत्या आणि पाय ओढत होता. त्याने ह्यांना बघितलं. खालपासून वरपर्यंत बघितलं, मिशीपाशी थांबला. मला वाटलं, आता काहीतरी होणार. त्याने फळ्यावरून सतरा नंबर काढला, ह्यांच्या हातात दिला, आणि म्हणाला, "जाताना काढायचा असतो." मग आपला एक नंबर काढला, आणि बंबखान्याच्या भिंतीकडे तोंड करून नाक शिंकरलं. धूर होता, हे कबूल. पण मला एकदम बसचं चाक आठवलं.

दुसऱ्या दिवशी बैठक. हॉलला जळकट वास, दादाच्या भुवयांच्या जागी मलम. घड्याळवाल्यांनी सुरुवात केली. म्हणाले, कालच्या घटनेतून उलटच सिद्ध होतं; फळा नसता तर एक माणूस विनाकारण आत गेला नसता. आणि वहिनी, ते खरं होतं. दादा टेबलाकडे बघत बसला, आणि मी पेन उचलून धरलेलं, आणि मला वाटलं, गेलं. अकरा महिनेही गेले. तेवढ्यात हे बोलले. माझ्याशी नाही, सरळ घड्याळवाल्यांशी. म्हणाले, काल आपण बाहेर आलात तेव्हा मी आत आहे की बाहेर, आपल्याला माहीत होतं? ते म्हणाले, मला वाटलं, आले असतील. हे मला म्हणाले, "लिहा. सल्लागारांना वाटलं, आले असतील." मी म्हटलं, 'वाटलं' हे इतिवृत्तात घेता येत नाही, तिथे ठरलं तेवढंच घेतात. (आणि आधी वाटलं मलाही होतं, हे मी म्हटलं नाही.) ह्यांनी आपलीच नोटीस घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "मग कलम नऊ मान्य, एवढंच घ्या."

दादा लगेच विरघळला असं समजू नकोस. महापालिकेची अब्रू राखायला पदाचं नाव बदलायचं ठरलं, 'प्रवेश-निर्गम नोंद सहायक'. दादा म्हणाला, आतून एवढी हाक मारेपर्यंत छप्पर खाली येईल. मग कागदावर ते आणि तोंडात 'पाचवा', अशी तडजोड झाली. ह्यांनी एक पोटकलम घातलं: घंटा होताच चूल बंद करण्याची जबाबदारी पाचव्याची. दादाने एक घातलं: मागच्या फाटकालाही फळा लावावा. दोन्ही एकमताने मंजूर. सह्या झाल्या. इतिवृत्तात मंगळवारची नोंद अशी आहे: 'सकाळी ११.५० ते दुपारी १२.५५ कामकाज स्थगित. कारण: दालनात हवा अपुरी.' बंबवाल्यांना बंबखान्यात आग लागल्याची लाज, महापालिकेला क्रीम रोलची. दोन्ही बाजूंनी पहिल्यांदाच एकत्र येऊन मला गळ घातली. मी तटस्थ आहे, मी ऐकलं.

घरी म्हणशील, तर दादाने जुना टाकून दिलेला फळा आणून खाली जिन्याशी लावला. खिळा ठोकायला हे गेले. त्यांच्यातलं सहा महिन्यांनंतरचं पहिलं संभाषण मी स्वयंपाकघरातून ऐकलं, ते पूर्ण असं: "जरा वर." "एवढं?" "अजून." "बास." आता घरात आलं की बिल्ला अडकवायचा, बाहेर जाताना काढून न्यायचा. ह्यांची फार पंचाईत झाली आहे. बेकरी लांब राहिली, आता कचरा टाकायला गेले तरी नोंद होते.

लेकीला आशीर्वाद, जावयांना नमस्कार, नातीच्या दोन्ही तळपायांना माझ्याकडून एकेक.

तुझी
(नणंद आणि तेरा नंबर)

ता.क. दादा आत गेला हे मी तुला कळवलेलं नाही.

ता.क. दुसरा. खरं कारण आता लिहिते. तीन आठवडे त्याचं पत्र नाही म्हणून तू रुसली आहेस, असं लेक म्हणाली. तो रोज संध्याकाळी कागद घेऊन बसतो. 'प्रिय' लिहितो आणि थांबतो. शपथ मोडली हे सांगवत नाही, आणि तुझ्याशी खोटं त्याला कधी जमलंच नाही. पेन घेऊन खाली माझ्याकडे येतो आणि विचारतो, 'गुडघा बरा आहे' असं लिहिलं तर ते खोटं होईल का? (होईल.) असे आठ 'प्रिय' मी त्याच्या टेबलाखालून गोळा केले आहेत. तेव्हा आधी तूच लिही. रागाव, पण एका ओळीत. आणि दुसऱ्या ओळीत गुडघा कसा आहे ते विचार. कुणी सांगितलं असं त्याने विचारलं तर म्हण, सिस्टर मोजणीने.

ता.क. तिसरा, सोबतच्या पार्सलाबद्दल. लोकरीचं टोपडं नातीला. बिननंबरी बिल्लाही तिचाच, पण नाव ठरेपर्यंत आणि दात येऊन जाईपर्यंत उंच ठेवावा. क्रीम रोलचा डबा जावयांना. डबा आठांचा आहे आणि आत सहा आहेत, त्याची चौकशी करू नये. एकेचाळीस नंबरचं पान, म्हणजे मंगळवारचं खरं इतिवृत्त, लेकीला. हे दोघेही निवृत्त झाले की तिने ते दोघांसमोर मोठ्याने वाचावं, आणि 'तुम्ही' ह्या शब्दापाशी थोडं थांबावं. आठही 'प्रिय' तुला. सुरकुत्या मी इस्त्री करून काढल्या आहेत. शिट्टी मी ठेवून घेतली आहे, ती कुणालाच मिळणार नाही. आणि बारा नंबरचा बिल्ला तुझा. डब्यात शोधून मीच काढला. येशील तेव्हा चपला काढायच्याही आधी तो जिन्याशी अडकव. तिथे तुझा खिळा रिकामा आहे, आणि दादा जेवायला जाता-येता त्याच्यासमोर थांबतो. (जेवतो दोन्ही वेळा, उगाच काळजी नको.) मग भिंतीकडे तोंड करून नाक शिंकरतो. सर्दी झाली आहे, म्हणतो.